झोपेतही कान जागेच



पाऊस ओसरला, हवेत गारवा आला की पुण्यात खराडीतल्या आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मी श्रवणतज्ज्ञ आहे. मुलांच्या कानांची तपासणी हे माझं रोजचं काम. आई-बाबा विचारतात, "शनिवारी पवना धरणाकाठी टेंटमध्ये राहायला चाललोय. रात्री लाइव्ह म्युझिक आहे. मुलगी तीन वर्षांची आहे, तिला त्रास नाही ना होणार?" आणि मी काही बोलायच्या आत उत्तरही तेच देतात, "तशी ती कशातही झोपते. गणपतीत ढोल-ताशा चालू होता आणि ही बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेली."

आज मला बोलायचं आहे ते या "कशातही झोपते"बद्दल.

लहान मूल गोंगाटात झोपतं, हे खरं आहे. लहान मुलांमध्ये गाढ झोपेचा वाटा मोठ्यांपेक्षा जास्त असतो आणि रात्रीच्या पहिल्या काही तासांत ती झोप इतकी खोल असते की उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी जाग येत नाही. पण झोप लागते ती मेंदूला. कानाचं काम थांबत नाही. आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कर्णशंखात, प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेबरोबर त्या हलतात, मूल जागं असो की झोपलेलं. मोठा आवाज फार वेळ राहिला तर त्या थकतात, पुढे मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. शिवाय जाग आली नाही तरी झोपेत आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते. म्हणजे मूल झोपलं यावरून इतकंच कळतं की ते दमलं आहे. आवाज त्याला सोसतो आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही.

मुलांना अशा गोंगाटाच्या ठिकाणी नेणाऱ्या पालकांना मी बोल लावत नाही. खराडीच्या, नगर रस्त्यालगतच्या या टापूला मोठे संगीत महोत्सव नवे नाहीत. एनएच सेव्हन वीकेंडर 2010 साली कोरेगाव पार्कात सुरू झाला. सनबर्न 2016च्या डिसेंबरात गोव्याहून वाघोलीजवळच्या केसनंदला आला. इऑनसारख्या आयटी पार्कांमध्ये नोकरीसाठी आलेली हजारो तरुण कुटुंबं इथे राहतात. आजी-आजोबा गावी, मुलाला ठेवायचं कुणाकडे? आणि आई-बाप झाले म्हणून गाणं ऐकायचं सोडून द्यायचं का? नाही सोडायचं. संगीत मुलांच्या कानांवर पडलंच पाहिजे, असं मानणारी मी आहे.

काही आजोबा मला सवाई गंधर्व महोत्सवाची आठवण सांगतात. 1953 साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीत आईच्या मांडीवर झोपलेली पोरं पहाटेच्या भैरवीला जागी व्हायची. जत्रेतही तमाशाच्या फडाशेजारी बैलगाडीखाली मुलं झोपायची. "आमचे कान कुठे गेले?" असं ते विचारतात. प्रश्न योग्य आहे. फरक आहे तो आवाजाच्या जातीत. ख्यालगायनाला लावलेला ध्वनिक्षेपक शब्द आणि सूर मागच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी असतो. आजच्या मोठ्या मंचाखाली सबवूफरची रांग असते आणि तिचा आवाज छातीत जाणवावा यासाठीच ती लावलेली असते. अशा मंचासमोर 100 डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय जत्रेची रात्र वर्षातून एखादी असायची. आता एकाच मुलाच्या वाट्याला गणपती मिरवणूक, लॉनवरच्या लग्नातला डीजे, सोसायटीची दांडिया आणि वर महोत्सव असं सगळं येतं.

आता आकडे थोडे लक्षात घेऊ. अमेरिकेतल्या नायोश या कामगार आरोग्य संस्थेने कारखान्यांसाठी एक हिशेब घालून दिला आहे. 85 डेसिबलमध्ये आठ तास. आणि आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक तास, आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. हा हिशेब मोठ्या माणसांचा आहे. मुलाच्या कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे वरच्या पट्टीतले काही आवाज पडद्यापर्यंत आणखी चढून पोहोचतात. म्हणून मुलांच्या बाबतीत हातचं राखूनच चालावं. मोबाइलवर डेसिबल मोजणारी ॲप मिळतात, ती अंदाजापुरती ठीक आहेत. त्याहून सोपी खूण अशी, की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथे 85च्या वर आवाज आहे असं समजा.

यावर पालक म्हणतात, आम्ही मंचाजवळ जाणारच नाही, टेंट लांब लावू. लांब राहणं उत्तमच. मात्र किती लांब, ते पाहा. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानाने 6 डेसिबलने उतरतो. 20 मीटरवर 100 असेल तर 40 मीटरवर 94, 80 वर 88, 160 वर 82, 320 वर 76. अर्ध्या किलोमीटरच्या पुढे, 640 मीटरवर, 70. आणि शांत झोपेसाठी खोलीतला आवाज 30 डेसिबलच्या आसपास असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 1999 सालीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे त्या मैदानाच्या टोकाला कान सुरक्षित होतील, झोप मात्र होणार नाही. टेंटचं कापड ऊन-दव अडवतं, आवाज जवळजवळ अडवत नाही. त्यातही खर्जातला धम धम आवाज सगळ्यांत लांब जातो.

पवनेच्या काठावर आणखी एक अडचण आहे. रात्री पाण्यालगतची हवा गार होते, वरची त्यामानाने उबदार राहते, आणि अशा हवेत आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. त्यामुळे पलीकडच्या काठावरचा स्पीकर आपल्या टेंटशेजारी असल्यासारखा ऐकू येतो. तिथे एकाला लागून एक कॅम्प आहेत. तुमच्या कॅम्पवाल्याने दहाला गाणं थांबवलं, तरी शेजारचा थांबवेलच असं नाही. म्हणून बुकिंग करताना जेवण काय, बार्बेक्यू आहे का, हे विचारण्याआधी स्पीकर कुठे आहे, तोंड कुणीकडे आहे, किती वाजता बंद होतो, आणि लगतच्या कॅम्पवर काय चालतं, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा शोधा. जनरेटर कुठे ठेवतात तेही विचारा. त्याची घरघर आणि धूर दोन्ही मुलाच्या झोपेला वाईट. आणि जाता जाता अगदी कळकळीने सांगते: थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी किंवा कोळसा टेंटमध्ये कधीही घेऊ नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गाडीच्या काचा बंद करून मुलाला आत झोपवणंही तितकंच धोक्याचं.

आता कानांच्या संरक्षणाकडे येऊ. आपल्याकडे कानात कापसाचे बोळे घालून वर कानटोपी चढवतात. थंडीसाठी ते चांगलं, पण आवाजासाठी निरुपयोगी. कापसातून आवाज सहज आरपार जातो. फोमचे इअरप्लग लहान मुलांना नकोत. ते नीट बसत नाहीत आणि काढून तोंडात घातले तर घशात अडकू शकतात. मुलांसाठी डोक्यावरून घालायचे, दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ मिळतात, ते घ्या. गाणी ऐकायचे हेडफोन वेगळे, त्यांची गल्लत करू नका. मफची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. मध्ये केस, टोपीची कड किंवा चष्म्याची काडी आली की फट पडते आणि निम्मा उपयोग जातो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी घरी खेळता खेळता घालायची सवय लावा. गर्दीत पहिल्यांदाच डोक्यावर चढवलं तर मूल ते भिरकावून देणार.

पण मफ घातले म्हणून मंचासमोर झोपवायचं, हे चालणार नाही. खर्जातला आवाज मफ फारसा रोखत नाहीत, आणि झोपेत मान वळली की ते सरकतात. मूल पेंगायला लागलं की त्याला आवाजापासून दूर न्या, शांत जागी मफ काढा आणि मग आडवं करा. याचा अर्थ, आई-बाबांपैकी एकाने त्या वेळी गाणं सोडायचं. पाळी आधीच ठरवून घ्या. आवडता कलाकार मंचावर असताना हा वाद सुटत नाही.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. एका रात्री दोन तास कमी पडले तर मूल चिडचिडं होईल, भरून निघेल. तीन दिवसांच्या महोत्सवात सलग तीन रात्री तुटल्या तर आठवडाभर घडी बसत नाही. म्हणून दुपारची झोप सोडू नका, उलट दुपारी सावलीत ती जास्तच होऊ द्या. घरचंच पांघरूण, घरचीच उशी, घरची झोपायची वेळ आणि घरचंच अंगाईगीत बरोबर न्या. बाहेरचा आवाज झाकण्यासाठी मोबाइलवर पावसाचा आवाज लावणार असाल, तर तो अगदी हळू आणि उशीपासून लांब ठेवा.

कार्यक्रम पुण्यातच असेल तर माझा सल्ला सरळ आहे: संध्याकाळचे दोन तास ऐका आणि झोपायला घरी या. खराडीत घर असताना नगर रस्त्यावरच्या मैदानात मुलासह रात्र काढायचं कारण नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला रात्रीच्या मुक्कामाच्या महोत्सवाला नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा तुमच्या बाजूने आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद हवेत. वर्षातले मोजके दिवसच, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. सवाईसारखा महोत्सव या नियमांपुढे आपली रात्रभराची परंपरा बदलतो, तर धरणाकाठच्या डीजेला वेगळा न्याय कशाला? दहानंतर आवाज थांबला नाही तर आधी व्यवस्थापकाला सांगा, ऐकलं नाही तर 112 वर फोन करा.

आयोजकांनाही एक विनंती. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली कार्यक्रमांसाठी मानक काढलं आहे: सरासरी आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, तो सतत मोजायचा, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण पुरवायचं आणि कानांना विसावा द्यायला शांत जागा ठेवायची. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात मुलं असलेल्या कुटुंबांसाठी मुक्कामाची स्वतंत्र मैदानं असतात. आपल्याकडे खाण्याच्या स्टॉलना जागा मिळते, तशी एक शांत जागाही नकाशावर दाखवता येईल. पालकांनी तिकीट काढताना ती मागायला सुरुवात करावी.

आणि परत आल्यावर मुलाकडे लक्ष ठेवा. मोठं मूल सांगेल, कानात शिट्टी वाजतेय, कान भरल्यासारखे झालेत. लहान मुलाला ते सांगता येत नाही. ते कान चोळतं, हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज वाढवायला लावतं. दुसऱ्या दिवशीही हे चालू राहिलं तर थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले, तर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो.