स्वरांचा सांधा

(जागतिक आवाज दिनी, १६ एप्रिल रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वैद्य नाही आणि गवईही नाही. तरीही आज गाण्याविषयी बोलण्याचे धाडस करतो. कारण कान-नाक-घसा विभागात घसा तपासण्यासाठी वापरला जाणारा लहानसा आरसा एका गायनगुरूची देणगी आहे. मानुएल गार्सिया या स्पॅनिश गुरूंनी १८५४ साली दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. १८५५ मध्ये ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. गाताना गळ्यात प्रत्यक्ष काय घडते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

खालच्या स्वरांत स्वरतंतू आखूड व जाड राहून पूर्ण जाडीनिशी कंप पावतात. तो छातीचा आवाज. वरच्या स्वरांत दुसरा स्नायू त्यांना ताणून लांब व पातळ करतो आणि मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात. तो डोक्याचा आवाज. एका स्नायूने भार सोडावा व दुसऱ्याने उचलावा, असा हा व्यवहार आहे. तो हळूहळू झाला तर श्रोत्याला सांधा कळत नाही; एकदम झाला तर आवाज फाटतो.

सांधा जवळ आला की अनेक विद्यार्थी जोर लावतात आणि छातीचा आवाज तसाच तार सप्तकात रेटतात. हे उसने बळ आहे. त्याचे व्याज गळ्याला फेडावे लागते. प्रथम सूज येते आणि सवय न सुटल्यास स्वरतंतूंवर गाठी होऊ शकतात.

खरा मार्ग याच्या उलट आहे. सांध्याच्या दोन-तीन स्वर आधीच आवाजाचे वजन उतरवू लागावे. वरच्या हलक्या स्वरापासून मींडेने सावकाश खाली यावे. ओठ मिटून गुंजन करावे. वर जाताना आकार किंचित ओकाराकडे झुकवावा. खर्जाचा रियाज पाया घालतो, हे खरे. परंतु पायाचे दगड कळसावर चढवीत नाहीत. घसा दुखू लागल्यास त्या दिवशी थांबावे.

ही गोष्ट केवळ गायकांची नाही. शिक्षक, कीर्तनकार, भाजीविक्रेते, सर्वांचा चरितार्थ आवाजावर आहे. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. घसा तपासून घ्यावा. तंबाखू सेवन करणाऱ्यांनी तर मुळीच विलंब करू नये, कारण बसलेला आवाज हे स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते आणि वेळीच निदान झाल्यास तो बरा होण्याची शक्यता बरीच अधिक असते.

एका गुरूने आपल्या शंकेसाठी धरलेला आरसा आज असंख्य रुग्णांच्या कामी येत आहे. आपल्या घरात कोणाचा आवाज बसला असेल, तर त्याला या आरशापर्यंत अवश्य आणावे, एवढीच विनंती.