रक्ताची साक्ष आणि रोग्याची गति
(महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानांतील एक)



महोत्सवाच्या मंगल दिवसांत मूत्रपिंडाच्या जीर्ण रोगाविषयीं बोलणें कित्येकांस विशोभित वाटेल. परंतु आरोग्यावर एक व्याख्यान असावें अशी समितीची इच्छा. आणि जो रोग वर्षानुवर्षें शरीरांत वस्ती करूनहि आपल्या आगमनाची वर्दी देत नाहीं, त्याविषयीं बोलावयाचें तर सर्व कुटुंबें एकत्र जमलेलीं असतां बोलावें हेंच बरें. रोगाचे सर्व प्रकार व सर्व उपाय सांगण्याचा माझा विचार नाहीं. रक्त तपासून जे आंकडे कागदावर येतात, त्यांचा रोग्याच्या पुढील आयुष्याशीं संबंध कितपत आहे, एवढाच माझा विषय आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात व प्रत्येकांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. निरोगी तरुण मनुष्याच्या या गाळण्यांतून दर मिनिटास सुमारें १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाकांठीं १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील बहुतेक सर्व शरीर पुन्हां शोषून घेतें आणि दीड-दोन लिटर मूत्र काय तें बाहेर पडतें. निसर्गानें येथें इतका सढळ हात ठेविला आहे कीं निम्म्या गाळण्या निकामी झाल्या तरी मनुष्य जेवतो, झोंपतो, कामावर जातो. या सढळपणांतच धोका आहे.

लंडन येथील गायज् रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, तें अंगावर सूज आलेल्या रोग्यांवरून. मूत्र तापविलें असतां त्यांत अंड्याच्या बलकाभोंवतालच्या पांढऱ्या भागासारखें द्रव्य गोठतें, आणि मृत्यूनंतर पाहावें तों मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळतात, हा संबंध त्यांनीं दाखविला. पुढें १८८६ सालीं माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञानें क्रिएटिनीन हें द्रव्य पिक्रिक आम्लाशीं मिळून तांबूस रंग देतें असें दाखविलें. याच क्रियेवर आधारलेली परीक्षा आजहि अनेक प्रयोगशाळांत चालते.

आतां हें क्रिएटिनीन येतें कोठून? स्नायूंच्या नित्य झिजेंतून. म्हणून ज्याचे स्नायु भरदार त्याच्या रक्तांत तें अधिक, आणि कृश वृद्ध स्त्रीच्या रक्तांत कमी. कागदावर १.२ हा आंकडा आला कीं लोक "नॉर्मल आहे" म्हणून कागद घडी करून ठेवतात. परंतु २०२१ सालचें सूत्र लावून पाहा: २५ वर्षांच्या पुरुषाचा १.२ म्हणजे गाळण्याचा वेग मिनिटास सुमारें ८६; आणि ७० वर्षांच्या स्त्रीचा तोच १.२ म्हणजे सुमारें ४९. वेग ६० च्या खालीं तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर त्यास जीर्ण रोग म्हणतात. एकच आंकडा, पण एक जण निरोगी व दुसरी रोगी! स्नायूंचा हा घोळ टाळण्यासाठीं सिस्टाटिन सी नांवाचें दुसरें द्रव्य मोजतात. तें शरीरांतील जवळजवळ सर्व पेशींपासून निघतें. परीक्षेस खर्च मात्र अधिक पडतो.

रक्ताच्या जोडीस ब्राइटची जुनी साक्षीदार, म्हणजे मूत्रांतील अल्ब्युमिन, हिला विसरूं नये. २०१० सालीं निरनिराळ्या देशांतील १२ लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली. तींत गाळण्याचा मंद वेग व मूत्रांतील अल्ब्युमिन हीं दोन्ही स्वतंत्रपणें अकालमृत्यूची सूचना देतात असें दिसलें. आणि हेंहि ध्यानांत ठेवावें कीं या रोगाचे बहुतेक रोगी डायालिसिसपर्यंत पोंचतच नाहींत. त्यापूर्वींच हृदयविकार त्यांना गांठतो.

येथपर्यंत रक्ताची साक्ष खरी. परंतु साक्षीदाराचें तोंड बंद केलें म्हणून गुन्हा नाहींसा होत नाहीं, आणि या रोगाच्या इतिहासांत हा धडा वैद्यकास फार महागांत शिकावा लागला आहे.

मूत्रपिंड केवळ गाळणी नव्हे. तांबड्या रक्तपेशी उत्पन्न करावयास लावणारें एरिथ्रोपोएटिन हें द्रव्यहि मुख्यत्वें तेंच निर्माण करतें. रोग बळावला कीं तें अपुरें पडतें, हिमोग्लोबिन उतरतें, रोगी फिका व थकलेला दिसूं लागतो. ज्याचें हिमोग्लोबिन कमी त्याला हृदयविकार व मृत्यु यांचें भय अधिक, हें पुष्कळांनीं पाहिलें होतें. हें द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागल्यावर अनुमान साहजिकच निघालें कीं हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकें वर न्यावें, म्हणजे रोगीहि तसाच जगेल. २००६ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. १,४३२ रोग्यांचे दोन गट पाडून एका गटांत हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत व दुसऱ्यांत ११.३ पर्यंत नेण्याचें ठरलें होतें. मृत्यु, हृदयाचा झटका, हृदय दुर्बल झाल्यानें रुग्णालयांत जाणें किंवा पक्षाघात, यांपैकीं कांहींतरी पहिल्या गटांत १२५ जणांच्या व दुसऱ्यांत ९७ जणांच्या वांट्यास आलें. २००९ सालीं ४,०३८ मधुमेही रोग्यांवरील प्रयोगांत याच जातीचें औषध देऊन हिमोग्लोबिन १३ पर्यंत नेऊं पाहिलें, तों औषध घेणाऱ्यांत १०१ जणांस पक्षाघात झाला, व निष्क्रिय द्रव्य टोंचलेल्या गटांत ५३ जणांस. आंकडा सुधारला, रोगी सुधारला नाहीं. या औषधास मी टाकाऊ म्हणत नाहीं. बेतानें दिल्यास परक्याचें रक्त भरण्याची पाळी टळते. परंतु "डॉक्टर, सुई टोंचून हिमोग्लोबिन चौदा करा" असा आग्रह जे नातलग धरतात, त्यांनीं हे आंकडे मनांत ठेवावे.

होमोसिस्टीन नांवाच्या द्रव्याचीहि हीच कथा. मूत्रपिंडाच्या रोग्यांत तें वाढलेलें असतें, व तें जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीं उतरतें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २,०५६ रोगी होते. गोळ्यांनीं तें सुमारें चतुर्थांशानें उतरलें. पण मृत्यु गोळ्या घेणाऱ्यांत ४४८ झाले आणि न घेणाऱ्यांत ४३६.

आतां उलट बाजू, जी आपल्या घरांत अधिक उपयोगाची आहे. कांहीं औषधें गाळण्यांवर पडणारा रक्ताचा अतिरिक्त दाब कमी करतात. दाब कमी झाला कीं प्रारंभीं गाळण्याचा वेगहि थोडा घटतो आणि क्रिएटिनीन किंचित् चढतें. १.६ चें १.८ झालें कीं घरांत घबराट होते, कोणीतरी औषध बंद करतो, आणि जें औषध मूत्रपिंडास वांचविणार होतें तेंच टाकून दिलें जातें! वास्तविक, १९९३ सालीं कॅप्टोप्रिल या औषधाचा प्रयोग ४०९ मधुमेही रोग्यांवर झाला, त्यांत क्रिएटिनीन दुप्पट होण्याची पाळी औषध घेणाऱ्या २५ जणांवर आली व न घेणाऱ्या ४३ जणांवर. २०२० सालीं डॅपाग्लिफ्लोझिन हें नवें औषध ४,३०४ रोग्यांवर पारखलें गेलें. गाळण्याची शक्ति निम्म्यानें वा अधिक घटणें, मूत्रपिंड अखेरच्या अवस्थेस पोंचणें, किंवा मूत्रपिंड अथवा हृदय यांच्या विकारानें मृत्यु, ही गति औषध घेणाऱ्या १९७ जणांची झाली व न घेणाऱ्या ३१२ जणांची. आरंभीं वेग थोडा उतरला होता तो औषध घेणाऱ्यांचाच, हें विशेष. कॅप्टोप्रिलच्या जातीचें औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत क्रिएटिनीन शेंकडा ३० च्या आंत वाढलें तर तें सहसा चालूं ठेवावें, असा आज जाणत्यांचा नियम आहे. त्याहून अधिक वाढल्यास डॉक्टरानें कारण शोधावयाचें असतें. रोग्यानें आपणहून औषध सोडावयाचें नसतें.

तरी सर्वच आंकडे केवळ साक्षीदार असतात असें कोणी समजूं नये. पोटॅशियम फार चढलें तर तें स्वतःच हृदय बंद पाडूं शकतें. तेथें आंकडा उतरविणें हाच प्राण वांचविणें होय, आणि त्याला उद्यांचा वायदा चालत नाहीं.

मधुमेह किंवा रक्तदाब ज्यांना आहे त्यांनीं वर्षांतून निदान एकदां क्रिएटिनीन तपासून त्यावरून गाळण्याचा वेग काढून घ्यावा, आणि त्याच वेळीं मूत्रांतील अल्ब्युमिनचें क्रिएटिनीनशीं प्रमाणहि पाहावें; शक्य तों सकाळच्या पहिल्या मूत्राचें. एका कागदावर निर्णय होत नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हां पाहावें लागतें. मागील वर्षांचे कागद तारखेप्रमाणें लावून डॉक्टरापुढें ठेवावे, कारण आजचा आंकडा केवढा यापेक्षां तो किती वेगानें सरकत आहे यावरून पुढचें अधिक कळतें. सांधे दुखतात म्हणून दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेत असाल, तर तेंहि लाज न धरतां सांगावें. कागदावर तें कोठेंच लिहिलेलें नसतें.

आतां कोणास कांहीं विचारावयाचें असल्यास विचारावें. ज्यांनीं आपले कागद बरोबर आणले आहेत त्यांनीं सभेनंतर थांबावें.