चालविण्यापूर्वीची पारख

सुरतेच्या कारखान्यांत कच्चा हिरा थेट कापावयास घेत नाहीत. जाणकार आधी त्याचे अंतरंग न्याहाळतो, आतील डाग व चिरा हेरतो आणि मगच कापाची रेषा ठरवितो. कारण कापलेला हिरा पुन्हा सांधता येत नाही. संगणकाची आज्ञावलीही अशीच, चालविण्यापूर्वी, पारखता येते. या पारखीस स्थिर परीक्षण म्हणतात. जावास्क्रिप्ट भाषेत तिची निकड विशेष आहे.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा रचली ती संकेतस्थळांच्या पानांसाठी. २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड प्रणालीमुळे तिच्याकडे व्यापारी व्यवहारही मोठ्या प्रमाणावर आले. तिची रीत पेढीवरील एकट्या मुनिमासारखी आहे. तो एका वेळी एकच काम करतो; पण गोदामाकडे निरोप धाडला की उत्तर येईपर्यंत स्वस्थ न बसता दुसरे गिऱ्हाईक घेतो. त्यामुळे कामाचा उरक वाढतो खरा, परंतु घोटाळ्याचे मूळही येथेच आहे.

समजा, गोदामात कापडाचे १० तागे आहेत. एका व्यापाऱ्याने ८ मागितले; मुनिमाने साठा विचारला. उत्तर येण्यापूर्वीच दुसऱ्यानेही ८ मागितले. पुन्हा विचारणा गेली. दोन्ही वेळा '१०' हेच उत्तर आले आणि १० ताग्यांवर १६ चा सौदा होऊन बसला! यात प्रत्येक आज्ञा निर्दोष आहे. दोष आहे तो क्रमाचा.

असा दोष चालवून पाहिल्याने सापडेलच असे नाही. उत्तरे त्वरित आली तर शंभर वेळा हिशेब चोख जमतो. दिवाळीच्या गर्दीत मात्र फसगत होते. २०१७ च्या प्रमाणात आलेल्या 'अवेट' या शब्दाने लेखन सुबोध झाले. परंतु त्या शब्दापाशी इतर कामे मध्ये शिरू शकतात, हे वाचणाऱ्याच्या ध्यानातून सहज निसटते.

स्थिर परीक्षण आज्ञावली न चालविता, कोणते काम कशानंतर घडू शकेल याचा आलेख मांडते. मॅग्नस मॅडसन, फ्रँक टिप व ओन्द्रेय ल्होताक यांनी २०१५ मध्ये नोडच्या आज्ञावलींसाठी असा आलेख मांडून दाखविला.

या विद्येला मर्यादाही आहे. आज्ञावलीच्या वर्तनाविषयी प्रत्येक वेळी अचूक निर्णय देणारी सार्वत्रिक पद्धती असू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केले. म्हणून परीक्षणाचा इशारा कधी व्यर्थही ठरतो आणि अंतिम विवेक माणसालाच करावा लागतो. साठा पाहणे व तो कमी करणे ही दोन कामे गोदामातच एका दमात उरकावीत, हा उपायही त्यालाच योजावा लागतो. व्यर्थ इशाऱ्यापायी घटकाभर वेळ जातो. न ऐकलेल्या इशाऱ्यापायी मात्र पेढीची पत जाते.