प्रत्युत्तराचा अधिकार



हजरजबाबीपणा ही जन्मजात देणगी आहे, ती ज्याला लाभली त्याला लाभली, असे आपण सहज म्हणून जातो. आज या समजुतीविषयीच चार शब्द बोलणार आहे.

युरोपीय तलवारबाजीत ‘रिपोस्ट’ अशी एक संज्ञा आहे. हा फ्रेंच शब्द ‘उत्तर’ या अर्थाच्या इटालियन ‘रिस्पोस्ता’वरून आला. प्रतिस्पर्ध्याचा वार आपल्या पात्याने अडवायचा आणि तत्क्षणी उलट वार करायचा, हा रिपोस्ट. पुढे हाच शब्द संभाषणातील झणझणीत प्रत्युत्तरालाही लागू झाला.

या खेळात फॉइल, एपे आणि सेबर ही तीन शस्त्रे असतात. त्यांपैकी फॉइल आणि सेबर यांत एक मार्मिक नियम आहे. ज्याने प्रथम आक्रमण केले, अग्रहक्क त्याचा. समोरच्याने तो वार न अडवताच उलट वार केला आणि दोघांचेही वार लागले, तर गुण आक्रमकाला मिळतो. वार आधी अडवला, तर मात्र अग्रहक्क अडवणाऱ्याकडे येतो. तो हक्कही टिकाऊ नसतो. अडवल्यावर रेंगाळलात आणि आक्रमकाने पुन्हा वार केला, की तो गेलाच.

चेन्नईच्या भवानी देवी या ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय तलवारबाज. २०२१ साली टोकियोत सेबर प्रकारातील पहिला सामना त्यांनी १५-३ असा जिंकला. पुढच्या सामन्यात फ्रान्सच्या खेळाडूकडून त्या ७-१५ अशा हरल्या. अशा लढतीत विचार करायला सवड कुठली? वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला जे वळण लागले असेल, तेच त्या निमिषात कामी येते. जिभेचेही तसेच आहे.

आपल्या पूर्वसुरींनी वादविद्येचे शास्त्रच रचले. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादातील पराभवाची २२ स्थाने सांगितली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. उत्तर न सुचणे ही ‘अप्रतिभा’. दुसऱ्या कामाचे निमित्त सांगून वाद सोडून जाणे हा ‘विक्षेप’. आणि सभेला समजलेले, तीनदा सांगितलेले प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या मुखाने न मांडणे, हे ‘अननुभाषण’. म्हणजे समोरच्याचे म्हणणे नीट उच्चारता आले नाही, तरी पराभवच! तलवारबाज वार अडवतो. वादपटू पूर्वपक्ष मांडतो. दोघांनाही उत्तराचा अधिकार त्यानंतरच मिळतो.

याच शास्त्राने ‘छल’ही ओळखला होता. एखाद्याने नवे कांबळे पांघरलेल्या मुलाला ‘नवकंबल’ म्हणावे, आणि दुसऱ्याने ‘नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारावे, हे वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण. श्रोते हसतील, टाळीही पडेल. पण मूळ विधानाला धक्कासुद्धा लागलेला नसतो. आज आपण ज्याला हजरजबाबीपणा म्हणून डोक्यावर घेतो, त्यातला बराचसा भाग हा नवकंबलच असतो.

उलट टोकही आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी लिहून ठेवले आहे, की एका मेजवानीत कोणीतरी त्यांना निरुत्तर केले आणि योग्य उत्तर सुचण्याच्या वेळी ते जिना उतरून गेले होते. फ्रेंच भाषेत पुढे ‘जिन्यावरची बुद्धी’ असा वाक्प्रचार रूढ झाला. आपण त्याला वरातीमागून घोडे म्हणतो.

कार्यकर्त्याला दारोदार जावे लागते, प्रश्न झेलावे लागतात. तिथे उचलली जीभ लावली टाळ्याला, असे करून चालत नाही. एका बोचऱ्या वाक्याने चारचौघांत बाजी मारता येते. पण ते दार मग कायमचे बंद होते. घरातही हेच घडते. मुलाने जेवताना एखादी शंका काढली आणि वडिलांनी ती विनोदात उडवली, तर सारे हसतात. मुलगा मात्र पुढची शंका घरात विचारत नाही.

म्हणून एक साधा अभ्यास सुचवतो. आपल्याला न पटणारा एखादा अग्रलेख रोज वाचावा. त्याचे म्हणणे, लेखकालाही मान्य होईल अशा एका वाक्यात मांडावे. मग दोन वाक्यांत उत्तर द्यावे, तेही मोठ्याने. महिनाभरात जीभ चपळ होईल, आणि काही अग्रलेखांना आपल्यापाशी उत्तर नाही, हेही कळेल. ते कळणे हा या अभ्यासाचा मोठा लाभ आहे.