वर्तुळातील नक्षी आणि पेन्सिल

वर्तुळाकार नक्षीचे रेखाटन पाकळीपासून नव्हे, मध्यबिंदूपासून सुरू होते. आधी मध्य, मग वर्तुळ, मग परिघाचे समान भाग आणि सर्वांत शेवटी फूलपान. हा क्रम मोडला की छटा कितीही मन लावून भरल्या तरी नक्षी एका अंगाला कलते.

परिघाचे सहा भाग करणे सर्वांत सोपे. वर्तुळ काढताना कंपासात घेतलेले अंतर न बदलता परिघावर खुणा करत गेले की सहाव्या टप्प्याला सुरुवातीची खूण गाठली जाते. त्रिज्येएवढी जीवा मध्याशी नेमका 60 अंशांचा कोन करते, म्हणून. त्याच खुणांवरून वर्तुळात कंस फिरवले की सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले भूमितीच्या पेपरसाठी अशा रचना घोटून घेतात. संकल्पचित्राच्या कागदावर मात्र त्यांचा आधार क्वचितच घेतला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

अहिल्यानगरच्या निजामशाही वास्तूंत आठाची विभागणी ठळक दिसते. तलावाच्या मधोमध बांधलेला, 1583 साली पूर्ण झालेला फराहबाग महाल अष्टकोनी आहे. शहा डोंगरावरची सलाबतखानाची तीन मजली कबर, म्हणजे लोकांच्या तोंडचा चांदबिबी महाल, तोही अष्टकोनी. असा अष्टकोन कागदावर आणायचा तर आधी चौरस काढावा. चौरसाच्या अर्ध्या कर्णाएवढी त्रिज्या घेऊन चारही कोपऱ्यांवरून कंस फिरवावेत. ते बाजूंना जिथे छेदतात, ते आठ बिंदू जोडले की अष्टकोन पुरा होतो. अशी अष्टकोनी वास्तू समोरून आणि लांबून पाहिली तर तीनच बाजू दिसतात. मधली पूर्ण रुंदीची आणि शेजारच्या दोन्ही तिच्या सुमारे सात-दशांश. नवशिका तिन्ही बाजू सारख्या रुंदीच्या काढतो आणि इमारत पसरट होते.

कोरीव कामाच्या अभ्यासाला नगरची दमडी मशीद उत्तम. 1567 च्या सुमाराची ही वास्तू आकाराने लहान, पण दगडावरचे काम अतिशय नाजूक. अशा नक्षीसाठी रचनारेषा 2एच पेन्सिलीने, हात हलका ठेवून काढाव्यात. नंतर एचबी आणि छटांसाठी 2बी. कंपासाचे टोक रुतून मध्याला भोक पडू नये म्हणून तिथे चिकटपट्टीचा लहान तुकडा लावणे बरे.

खरी परीक्षा छटांची. उजेड डावीकडून असेल, तर उठावदार पाकळीची डावी बाजू उजळते आणि उजवी गडद होते. खोल कोरलेल्या पाकळीत हे उलटते: सावली डाव्या कडेलगत साठते, उजेड उजव्या उतारावर पडतो. त्यामुळे दगड पुढे आला आहे की आत गेला आहे, हे ठरवूनच पेन्सिल टेकवावी लागते. सगळ्या पाकळ्यांना एकाच बाजूने सारखी छटा देणेही चूक. वर्तुळात प्रत्येक पाकळीचे तोंड वेगळ्या दिशेला असते आणि तिच्यावरची सावली त्या दिशेप्रमाणे रुंद किंवा अरुंद होत जाते.