दूरच्या बेटावरील मास्तर



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनसवर नाहीतर महागाईवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी बोलणार आहे ते एका बेटावर कोळ्यांच्या पोरांना शिकवायला गेलेल्या पाद्र्यांविषयी. विषय दूरचा वाटेल, पण ज्याला दुसऱ्याला काही शिकवायचे आहे, त्या प्रत्येकाच्या तो कामाचा आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कून्या नावाचे बेट आहे. केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर. मध्ये नुसते पाणी. १८१६ साली इंग्रजांनी तेथे शिपायांची तुकडी ठेवली. ती परत गेली तेव्हा विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला, आणि त्यातून वस्ती वाढली. बटाटे लावायचे, गुरे राखायची, लाकडी सांगाड्यावर जाड कापड ताणून केलेल्या होड्यांतून मासे धरायचे, आणि वाटेने जाणाऱ्या गलबतांना हा माल देऊन पीठ, कापड घ्यायचे, असा त्यांचा संसार. पुढे आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. मुंबईला विलायत जवळ आली, पण केपला वळसा घालणारी गलबते कमी झाली. आपली भरभराट झाली त्याच कालव्याने ते बेट एकाकी पडले.

तेथे पोरांना अक्षरे कोणी शिकवायची? १८२४ साली ऑगस्टस अर्ल हा चित्रकार बोट चुकल्याने आठ महिने अडकला, त्याने पोरांना शिकवले. १८५१ साली विल्यम टेलर हे पहिले मिशनरी आले. १८८१ साली एडविन डॉजसन आले. ‘ॲलिस’ची गोष्ट लिहिणाऱ्या लुईस कॅरोलचे हे धाकटे भाऊ. त्यांची बोट बेटाशीच फुटली आणि बहुतेक सामान समुद्राने नेले. तरी त्यांनी शाळा चालवली. १९०६ साली बॅरो पतिपत्नी आली, १९२२ साली रॉजर्स पतिपत्नी. एक गेला की दुसरा येईपर्यंत कधी कधी कित्येक वर्षे जात. पत्र महिनोन्‌महिने नाही, आजाराला डॉक्टर नाही. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे खरे. पण पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचे कष्टही तितकेच खरे.

आता मुद्द्याकडे येतो. या भल्या माणसांपैकी काहींना मनापासून वाटे की या लोकांनी बेट सोडावे. टेलर १८५७च्या सुमारास चाळीसहून अधिक माणसे बरोबर घेऊन केपला गेले. मागे जेमतेम अठ्ठावीस राहिली. २८ नोव्हेंबर १८८५ रोजी एका जहाजाशी व्यवहार करायला होडीतून गेलेले पंधरा पुरुष बुडाले. कर्ते पुरुष मोजकेच उरले. प्रकृतीमुळे मायदेशी गेलेले डॉजसन १८८६ साली विधवा आणि पोरक्या मुलांसाठी परत आले. पण सर्वांनी येथून निघावे, हीच त्यांचीही इच्छा होती. ती दयेपोटीच होती. मात्र बेटावरचे बरेच लोक हलले नाहीत.

१९४९ साली शेवंडीचा कारखाना निघाला आणि रोख मजुरी आली. १० ऑक्टोबर १९६१ रोजी वस्तीशेजारी ज्वालामुखी फुटला. सुमारे २६० माणसे इंग्लंडला नेली. तेथे वीज होती, दुकाने होती, आठवड्याचा पगार होता. हे लोक आता येथेच राहणार, असे पुष्कळांनी गृहीत धरले. १९६२ साली मतदान झाले. परत जाण्याच्या बाजूने १४८, विरुद्ध ५. १९६३ साली ते परतले. पुढे काहीजण पुन्हा इंग्लंडला गेले. तोही त्यांचाच निर्णय.

काही म्हणतील, मास्तरांची शिकवण वाया गेली. मी उलट म्हणतो. आपल्याकडे जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. मिशनने दिले ते अक्षर; त्याचे काय करायचे, हे शिकणाऱ्याने ठरवले.

आमच्या संघटनेतही हेच आहे. अंगठा उठवणाऱ्या कामगाराला आम्ही पगारपत्रक वाचायला शिकवतो. उद्या तोच सभेत उभा राहून म्हणतो, “साहेब, तुमचा ठराव आम्हाला मान्य नाही.” पुढाऱ्याला हे झोंबते. पण आपल्या हिताची गोष्ट आपणच बोलावी, आणि शिकवणाऱ्यालाही नाही म्हणता यावे, यासाठीच तर शिकवायचे. नाहीतर मालकाच्या जागी पुढारी आला, एवढेच झाले.

त्या बेटावर आज अडीचशेहून कमी लोक राहतात. शेवंड धरतात, बटाटे लावतात, मुले गावातल्या शाळेत जातात. तेथे राहून गेलेल्या मास्तरांचा मी आदर करतो, आणि त्यांचे न ऐकणाऱ्या त्या कोळ्यांचाही. दोघांचा आदर एकाच वेळी करता येतो, एवढे सांगून आपली रजा घेतो.