उघडी राहिलेली चार तोंडं

माझ्या गाडीत धोक्याचा लाल दिवा लागला, की ‘वायर सैल झाली असेल’ असं म्हणून मी पुढे निघायचो. ‘के-१३’ची हकिगत वाचली आणि ही सवय सुटली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला मोठ्या युद्धनौकांच्या बरोबरीनं धावणाऱ्या पाणबुड्या हव्या होत्या. तेव्हाच्या डिझेल इंजिनांना तो वेग झेपत नव्हता. म्हणून ‘के’ वर्गाच्या पाणबुड्या चक्क वाफेवर चालवल्या. लांबी शंभर मीटरहून जास्त, वर दोन धुराडी! बुडी मारण्याआधी बॉयलरची आग विझवायची, धुराडी आडवी पाडायची, हवेची तोंडं मिटायची आणि मग खाली जायचं.

२९ जानेवारी १९१७ रोजी स्कॉटलंडमधल्या गेअरलॉख खाडीत ‘के-१३’ची चाचणी होती. आत नौसैनिक आणि गोदीतली माणसं मिळून ८० जण होते. दुपारी बुडी मारताच मागच्या भागात पाणी घुसलं आणि पाणबुडी तळाला टेकली. मागचे बुडाले, पुढचे कोंदट हवेत अडकले.

दुसऱ्या दिवशी कप्तान हर्बर्ट आणि ‘के-१४’चे कप्तान गुडहार्ट मनोऱ्यात शिरले. गुडहार्टनी वर जाऊन मदत पथकाला माहिती द्यायची आणि हर्बर्टनी आत परतायचं, असं ठरलं होतं. घडलं उलटंच. गुडहार्ट अडकून दगावले आणि हवेच्या लोटाबरोबर हर्बर्ट वर आले. पुढे पाणबुड्यांनी हवेची नळी जोडली, पाणबुडीचं नाक पाण्याबाहेर उचललं गेलं आणि पत्रा कापून अडकलेल्यांना बाहेर काढलं. तोवर सुमारे ५७ तास उलटले होते. ४८ जण वाचले, ३२ गेले.

चौकशीत कळलं, की जवळजवळ मीटरभर रुंदीची हवेची चार तोंडं उघडीच राहिली होती. आणि दर्शक-फलक ती उघडी असल्याचंच दाखवत होता!

मार्चमध्ये तीच पाणबुडी वर काढून ‘के-२२’ या नावानं पुन्हा कामाला लावली. ३१ जानेवारी १९१८च्या रात्री ती आपल्याच ताफ्यातल्या ‘के-१४’वर आदळली. त्या रात्रीच्या टकरींत दोन ‘के’ पाणबुड्या बुडाल्या आणि शंभरावर माणसं गेली. आसपास शत्रू नव्हताच.

यंत्रानं इशारा दिला होता. त्यावर विश्वास ठेवायचं काम मात्र माणसाचं होतं.